गोलबॉल: नवख्या मुलांना कसे शिकवावे

गोलबॉल हा डोळस लोकांच्या एखाद्या खेळात फेरफार करून अंधांसाठी बेतलेला खेळ नाही. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी ऑस्ट्रियाचे हान्स लोरेन्झेन आणि जर्मनीचे सेप राइंडल यांनी तो १९४६ साली नव्यानेच रचला, आणि १९७६ च्या टोरांटो पॅरालिंपिकपासून त्यासाठी पदके दिली जातात. एका संघाचे तीन खेळाडू मैदानात असतात, सर्वांच्या डोळ्यांवर प्रकाश अजिबात आत येऊ न देणारी पट्टी असते आणि आत घंटा असलेला चेंडू जमिनीलगत फेकून समोरच्या संघाच्या गोलमध्ये घालायचा असतो. गोल मैदानाच्या रुंदीइतकाच, म्हणजे ९ मीटर लांब आणि १.३ मीटर उंच असतो, त्यामुळे तो अडवण्यासाठी तिघांना अक्षरशः जमिनीवर आडवे व्हावे लागते.

साधारण आठ ते चौदा वर्षांच्या, पूर्वी हा खेळ न खेळलेल्या मुलांना शिकवू इच्छिणाऱ्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि पालकांसाठी हे मार्गदर्शन आहे. बहुतेक ठिकाणी पहिल्याच तासाला मुलांच्या हातात चेंडू देऊन फेकायला सांगितले जाते, कारण त्यात मजा लगेच येते. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. आधी ऐकायला, मग जमिनीवर आडवे होऊन अडवायला आणि त्यानंतर फेकायला शिकवावे, कारण ज्या मुलाला अंगावर येणाऱ्या चेंडूची भीती वाटते ते मूल या खेळात टिकत नाही, मग त्याचा हात कितीही जोरदार असो.

जागा आणि साहित्य

गोलबॉलचे मैदान १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असते आणि व्हॉलीबॉलचे मैदानही नेमके एवढेच असते. शाळेच्या सभागृहात व्हॉलीबॉलच्या रेषा आखलेल्या असतील तर निम्मे काम झालेले आहे. मध्यरेषा तीच वापरता येते आणि तिच्यापासून ३ मीटरवर असलेली आक्रमण रेषा ही गोलबॉलमधल्या एका पट्ट्याची हद्दही असते. गोलरेषेपासून ३ मीटरवर दोन्ही बाजूंना एक-एक रेषा नव्याने आखली की काम भागते. गोलरेषेपासूनचे पहिले ३ मीटर हा संघाचा पट्टा, त्यापुढचे ३ मीटर हा चेंडू टेकण्याचा पट्टा आणि मधले ६ मीटर हा तटस्थ पट्टा असतो.

रेषा मात्र हाताला आणि पायाला लागल्या पाहिजेत. त्यासाठी सुतळी ताणून जमिनीवर ठेवावी आणि तिच्यावर सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीची चिकटपट्टी दाबून बसवावी. संघाच्या पट्ट्यात मधल्या आणि दोन्ही बाजूंच्या खेळाडूंना आपली जागा सापडावी म्हणून अशाच छोट्या आडव्या-उभ्या खुणा कराव्यात. फरशी गुळगुळीत हवी. मोकळ्या मैदानावर, मातीत किंवा खडबडीत सिमेंटवर हा खेळ शिकवू नये, कारण एकदा कोपर सोलवटले की मूल पुढचे कित्येक दिवस नीट आडवे होत नाही.

शांतता ही तितकीच आवश्यक गोष्ट आहे आणि आपल्याकडे ती मिळवणे जमिनीपेक्षा अवघड जाते. सराव सुरू असताना पंखे बंद ठेवावेत, दारे लावून घ्यावीत, आणि सभागृहावर पत्रा असेल तर पावसाळ्यात जोराची सर आली की चेंडूचा सराव थांबवून व्यायाम किंवा नियमांची माहिती घ्यावी.

अधिकृत चेंडू १.२५ किलो वजनाचा, सुमारे ७६ सेंटिमीटर घेराचा आणि बराच टणक असतो. नवख्या मुलांसाठी तो आणण्याची घाई करू नये. हवा किंचित कमी केलेला व्हॉलीबॉल प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये घट्ट गुंडाळून चिकटपट्टी लावली की तो घरंगळताना पुरेसा सळसळतो. तो थांबल्यावर गप्प होतो ही उणीव आहे, पण थांबलेला अधिकृत चेंडूही गप्पच असतो. गुडघ्यांचे आणि कोपरांचे पॅड, लांब बाह्यांचा सदरा आणि पूर्ण लांबीची पँट प्रत्येकाला हवी. कडे, साखळी, कानातले आणि चष्मा काढून ठेवायला सांगावे.

मैदानात उतरण्यापूर्वी

प्रत्येक मुलाच्या पालकांशी बोलून डोळ्यांच्या आजाराची माहिती घ्यावी. पडदा सरकण्याचा धोका, काचबिंदू, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा डोक्यात बसवलेला शंट (मेंदूतील जादा द्रव वाहून नेणारी नळी) यांपैकी काहीही असल्यास नेत्रतज्ज्ञांची किंवा संबंधित डॉक्टरांची लेखी परवानगी मिळेपर्यंत त्या मुलाला चेंडू अडवायला लावू नये. तोपर्यंत त्याला ऐकण्याच्या खेळांत आणि गुण मोजण्याच्या कामात सामील करून घेता येते.

पट्टी सर्वांनी बांधायची, पूर्ण अंध असलेल्या मुलांनीसुद्धा, कारण थोडेसे दिसणाऱ्याला फायदा मिळू नये हा या खेळाचा पायाच आहे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पट्टी बांधल्यावर पूर्ण अंध मूल नेहमीसारखेच वावरते, पण अल्पदृष्टी असलेले मूल एकदम गोंधळते, जागेवर खिळते किंवा घाम पुसण्याच्या निमित्ताने पट्टी वर सरकवते. त्याला रागावण्यापेक्षा पहिल्या काही सत्रांत त्याची जोडी सराईतपणे वावरणाऱ्या पूर्ण अंध मुलाशी लावावी. शाळेत इतर वेळी ज्याला हात धरून नेले जाते तोच येथे वाटाड्या होतो, आणि दोघांनाही त्याचा उपयोग होतो. सामन्यात पंचांच्या परवानगीशिवाय पट्टीला हात लावल्यास पेनल्टी बसते, म्हणून हात वर करून परवानगी मागण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

सूचना देताना ‘इकडे ये’, ‘असे कर’, ‘थोडे तिकडे’ असे शब्द पूर्णपणे टाळावेत. ‘प्रिया, गोलकडे पाठ कर, दोन पावले पुढे ये, उजव्या पायाच्या अंगठ्याला रेषा लागेल’ अशी सूचना मुलाला उपयोगी पडते. शरीराची स्थिती समजावताना आधी शब्दांत सांगावे, मग स्वतः त्या स्थितीत राहून मुलाला हाताने चाचपून पाहू द्यावे, आणि तरीही समजले नाही तरच ‘मी तुझा खांदा धरून वळवू का?’ असे विचारून हात लावावा.

ऐकायला शिकवणे

मुलांना अर्धवर्तुळात बसवावे आणि शिक्षकाने चेंडू त्यांच्या समोरून हळू घरंगळत न्यावा. प्रत्येकाने बोटाने चेंडूचा माग काढत राहायचे. शिक्षक ‘थांबा’ म्हणताच बोट जिथे असेल तिथेच ठेवायचे आणि मग चेंडूपर्यंत जाऊन आपला अंदाज तपासायचा. यानंतर मुलांच्या समोरासमोर जोड्या कराव्यात, पाय फाकवून तळवे जोडीदाराच्या तळव्यांना टेकवून बसवावे आणि चेंडू एकमेकांकडे सरकवायला लावावा. हळूहळू अंतर ३ मीटर, मग ६ मीटर करावे. चेंडू टाकण्यापूर्वी जोडीदाराने टाळी वाजवून आपली जागा सांगायची, म्हणजे दिशा पकडण्याचाही सराव होतो.

अंधांचे क्रिकेट खेळलेली मुले या टप्प्यावर झपाट्याने पुढे जातात, कारण खुळखुळणारा चेंडू आणि खालून केलेली गोलंदाजी त्यांना ओळखीची असते. मात्र क्रिकेटमध्ये गोलंदाज ‘प्ले’ असे ओरडून चेंडू टाकतो. गोलबॉलमध्ये समोरचा संघ मुद्दाम आवाज न करता जागा बदलून फेकतो, त्यामुळे हाकेची वाट पाहण्याची सवय मोडावी लागते. त्यासाठी शिक्षकाने कधी डावीकडून, कधी उजवीकडून, काहीही न बोलता चेंडू सोडावा आणि मुलांनी फक्त ‘डावी’, ‘मधे’ किंवा ‘उजवी’ एवढेच सांगावे.

अडवायला शिकवणे

येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. सुरुवात चेंडूशिवाय, सतरंजीवर किंवा व्यायामाच्या मॅटवर करावी. मुलाला उजव्या कुशीवर सरळ आडवे करावे, छाती आणि पोट समोरच्या संघाकडे, दोन्ही हात डोक्याच्या पलीकडे ताणलेले, पाय सरळ. डोके किंचित मागे, म्हणजे चेहरा दंडांच्या आड राहतो. वरचा पाय खालच्या पायाच्या जरा पुढे आणि थोडा उचललेला असावा, म्हणजे उसळलेला चेंडू पायांवरून निसटत नाही. पोट आवळून धरायला सांगावे. यानंतर शिक्षकाने मुलाच्या वरच्या खांद्याकडे बारकाईने पाहावे. तो खांदा मागे पडला की अंगाचा उतार तयार होतो आणि चेंडू त्यावरून चढून थेट गोलमध्ये जातो. खांदा आणि कंबर जराशी पुढे झुकलेली असेल तर तोच चेंडू अंगाला आपटून समोर पडतो. हा फरक मुलाला शब्दांपेक्षा चेंडूनेच चांगला कळतो, म्हणून दोन्ही स्थितींत हलकाच चेंडू लावून दाखवावा.

डाव्या कुशीवरही हेच करून घ्यावे, कारण प्रत्येक मुलाची एक बाजू आवडती ठरते आणि दुसरी कायम कच्ची राहते. मग गुडघ्यांवर बसलेल्या स्थितीतून कुशीवर जाणे, त्यानंतर उकिडवे बसून एक हात जमिनीला टेकवलेल्या स्थितीतून जाणे, असा क्रम घ्यावा. धपकन पडू नये. आधी मांडीची बाजू, मग कंबर, मग बरगड्या असे अंग जमिनीवर सरकत गेले पाहिजे. हे सहज होऊ लागल्यावरच चेंडू आणावा, तोही ४-५ मीटरवरून, अगदी सावकाश आणि आधी बाजू सांगून. पुढे बाजू सांगणे बंद करावे, वेग मात्र तोच ठेवावा. वेग आणि अनिश्चितता एकाच वेळी कधीही वाढवू नये.

चेंडू अंगाला लागून परत उसळतो तेव्हा मुले बहुधा विजयाच्या आनंदात पडून राहतात. चेंडूला बचाव करणाऱ्याचा पहिला स्पर्श झाल्यापासून १० सेकंदांत तो मध्यरेषेपलीकडे फेकावा लागतो, हे त्यांना नियम म्हणून सांगण्याऐवजी शिक्षकाने मोठ्याने आकडे मोजावेत.

तिघे एकत्र उभे राहू लागले की मधल्या खेळाडूला किंचित पुढे आणि बाजूच्या दोघांना त्याच्या मागे ठेवावे. तिघे एका ओळीत असले तर दोघे एकाच चेंडूवर झेपावून डोक्याला डोके लागण्याचा धोका असतो. मधल्या खेळाडूला सर्वांत जास्त धाव असते, म्हणून त्या जागी वेगवेगळ्या मुलांना आलटून-पालटून खेळवावे.

फेकायला शिकवणे

फेकण्यापूर्वी दिशा पक्की करणे महत्त्वाचे. मुलाने गोलच्या दांडीला पाठ किंवा हात टेकवून सरळ समोर तोंड करावे आणि तिथून पुढे येऊन पायाने रेषा शोधावी. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे असतो. हात मागून पुढे येताना गुडघे वाकवून चेंडू पुढच्या पायाजवळ, जमिनीला जवळजवळ घासत सोडायचा. चेंडू टप्प टप्प असा आवाज करत गेला तर तो उंचावरून सुटला, आणि सरळ घरघरत गेला तर बरोबर सुटला, एवढी खूण मुलांना पुरते आणि ते स्वतःचीच चूक ओळखू लागतात. आधी जागेवरून, मग एक पाऊल टाकून आणि शेवटी तीन पावलांची धाव घेऊन फेकायला शिकवावे.

नियमानुसार चेंडू फेकणाऱ्याच्या बाजूच्या पहिल्या ६ मीटरमध्ये जमिनीला टेकला पाहिजे आणि त्यानंतर मधल्या तटस्थ पट्ट्यातही टेकला पाहिजे, नाहीतर पेनल्टी मिळते. जमिनीलगत फेकणाऱ्या मुलाकडून या चुका फारशा होत नाहीत. मोठ्या स्पर्धांत खेळाडू स्वतःभोवती गिरकी घेऊन किंवा दोन पायांमधून मागे चेंडू फेकतात आणि त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास जातो. मुले याविषयी ऐकतात आणि लगेच गिरक्या घेऊ लागतात. त्यांना तूर्त थांबवावे, कारण गिरकीनंतर दिशा हरवलेले मूल पुढचा अर्धा मिनिट मैदानात कुठे आहे हेच विसरते.

सरावासाठी पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत दोन बोटे पाणी भरून त्या गोलरेषेवर ओळीने मांडाव्यात. बाटली पडल्याचा आवाज हेच बक्षीस. बाटल्या डाव्या कोपऱ्यात, उजव्या कोपऱ्यात आणि मधे अशा हलवत राहिल्या की अचूकपणा आपोआप येतो.

छोटे सामने

पहिला सामना एकास एक असावा. मैदानाची ३ मीटर रुंदीची पट्टी दोरीने वेगळी करावी आणि प्रत्येकाने पाच-पाच चेंडू टाकावेत. त्यानंतर ६ मीटर रुंदीवर दोनास दोन, आणि मग पूर्ण मैदानावर तिघे. खरा सामना १२ मिनिटांच्या दोन भागांचा असतो आणि एका संघाने दहा गोलांची आघाडी घेताच संपतो. मुलांसाठी पाच मिनिटांचे दोन भाग पुष्कळ झाले. पंचांच्या ‘क्वाएट प्लीज’ आणि ‘प्ले’ या सूचना मात्र सुरुवातीपासून तशाच वापराव्यात, म्हणजे पुढे स्पर्धेत मुले बिचकत नाहीत. बघायला आलेल्या पालकांना चेंडू खेळात असताना पूर्ण गप्प राहावे लागेल आणि टाळ्या गोल झाल्यावरच वाजवायच्या, हे आधीच समजावून सांगावे. मुलांपेक्षा हे त्यांनाच जास्त वेळा सांगावे लागते.

पेनल्टीमध्ये एकट्या खेळाडूला संपूर्ण ९ मीटरचा गोल राखावा लागतो. मुलांना हा प्रकार फार आवडतो, परंतु सुरुवातीला तो ६ मीटर रुंदीवरच घ्यावा. बहुतेक मुले मऊ चेंडू दोन्ही कुशींवर, बाजू न सांगता आणि चेहरा न वळवता अडवू लागली की अधिकृत चेंडू आणावा, आणि पहिल्या दिवशी तो कोणालाही फेकू न देता प्रत्येकाच्या हातात देऊन त्याचे वजन, छिद्रे आणि घंटेचा आवाज नीट ओळखू द्यावा. दुसऱ्या सत्रात तो शिक्षकाने स्वतः, जवळून आणि सावकाश घरंगळत सोडावा.