इम्यूटेबल डेटा वापरायला सुरुवात कशी करायची

फंक्शनल प्रोग्रामिंग म्हटलं की मॅप, फिल्टर, रिड्यूस सगळे पटकन शिकतात, पण डेटा मात्र जुन्या सवयीने जागच्या जागी बदलत राहतात आणि मग फंक्शनला दिलेली लिस्ट आतल्या आत बदलते नि बग काही केल्या सापडत नाही. यावर उपाय म्हणजे इम्यूटेबल डेटा, म्हणजे एकदा बनवला की परत न बदलणारा डेटा. त्यामुळे पहिला नियम हाच धरा, फंक्शनला जे मिळालं त्याला हात लावायचा नाही, बदल हवा असेल तर नवीन व्हॅल्यू बनवून रिटर्न करायची.

जावास्क्रिप्टमध्ये कॉन्स्टच्या भरवशावर राहू नका. कॉन्स्टने फक्त त्या नावाला दुसरी व्हॅल्यू देता येत नाही, अ‍ॅरेमध्ये पुश खुशाल करता येतं. ऑब्जेक्ट डॉट फ्रीझ पण वरचाच थर गोठवतं. आणि सॉर्टकडे नीट लक्ष द्या, ते मूळ अ‍ॅरेच बदलतं आणि वर तोच रिटर्न करतं, म्हणून बघणाऱ्याला वाटतं नवीन मिळाला. इएस २०२३ पासून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या २०२३ च्या आवृत्तीपासून, टू-सॉर्टेड, टू-रिव्हर्स्ड, टू-स्प्लाइस्ड आलेत, ते मूळ न बदलता नवीन देतात, ते वापरा.

खरी गंमत नेस्टेड, म्हणजे एकात एक ठेवलेल्या डेटात आहे. समजा युजरच्या आत सेटिंग्ज आणि त्याच्या आत थीम आहे. तुम्ही तीन टिंबवाल्या स्प्रेडने युजरची कॉपी केली आणि कॉपीच्या सेटिंग्जमधली थीम डार्क केली, तर मूळ युजरची थीमपण डार्क होते! कारण स्प्रेड एकच थर कॉपी करतं, आतला सेटिंग्ज ऑब्जेक्ट दोघांचा एकच राहतो. म्हणजे युजर नवीन, त्यात सेटिंग्जपण नवीन, आणि मग थीम, असं वाटेतला प्रत्येक थर नवीन बनवावा लागतो. दोन थरांपर्यंत हे हाताने लिहा, त्यापुढे इमर ही लायब्ररी घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, त्यात ड्राफ्टवर, म्हणजे कच्च्या प्रतीवर, नेहमीसारखं लिहायचं आणि नवीन ऑब्जेक्ट तो बनवून देतो.

पायथॉनमध्ये टपल, फ्रोझनसेट आणि फ्रोझन डेटाक्लास आहेत, फक्त टपलच्या आत लिस्ट ठेवली तर ती लिस्ट बदलतेच. जावात लिस्ट डॉट ऑफ वापरा, अनमॉडिफायेबल लिस्ट ही नुसती खिडकी आहे, मागची लिस्ट कोणी बदलली की तीही बदललेली दिसते.

आता सगळे विचारतात, दरवेळी कॉपी म्हणजे स्लो नाही का होणार? साधा अ‍ॅरे स्प्रेड केला तर हो, सगळे एलिमेंट कॉपी होतात. पण क्लोजर (Clojure) या फंक्शनल भाषेतला व्हेक्टर, म्हणजे तिथली लिस्टसारखी रचना, आतून झाड असतो, प्रत्येक नोडला ३२ फांद्या, म्हणजे १० लाख एलिमेंट चार पातळ्यांत मावतात. एक एलिमेंट बदलला की मुळापासून त्या पानापर्यंतचे चारच नोड नवीन बनतात, बाकी सगळं झाड जुन्या आणि नव्या व्हेक्टरमध्ये शेअर होतं. जुनं कोणी बदलणारच नाही, म्हणून तर शेअर करणं सेफ आहे.

आणि एखाद्या लूपमध्ये हजारो एलिमेंट भरायचे असतील तर तिथे हट्ट धरू नका, फंक्शनच्या आत स्वतः बनवलेला लोकल अ‍ॅरे बिनधास्त बदला, तो भरून झाल्यावर रिटर्न करा आणि त्यानंतर कोणी त्याला हात लावू नये एवढंच बघा. क्लोजरमध्ये याच कामासाठी ट्रान्झिएंट, म्हणजे तात्पुरते बदलता येणारे प्रकार दिलेत.