शाळा सुटल्यावर, मुलींच्या सायन्स क्लबात: बोकडाचं हृदय उघडून कसं बघायचं

सुरुवातीलाच सांगते, बेडूक नको. कॉलेजांनासुद्धा यूजीसीने २०१४ मध्ये प्राण्यांचं डिसेक्शन थांबवायला सांगितलंय, आणि मटणाच्या दुकानात बोकडाचं हृदय रोज मिळतंच की, मग आपल्यासाठी मुद्दाम कुणाला कशाला मारायचं.

पहिल्या दिवशी मात्र जास्वंद घ्या. पाच पाकळ्यांची साधी, ती गुच्छासारखी डबल नको, तिच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात आणि पोरी गोंधळतात. पाकळ्या काढून मधली नळी ब्लेडने उभी चिरली की आतून जाणारा स्त्रीकेसराचा बारीक दांडा दिसतो, खालचा अंडाशय आडवा कापला की पाच कप्पे. ब्लेडची सवय इथेच होते. ज्यांच्या घरी मटण चालत नाही त्या पुढच्या वेळीही फुलंच कापू देत, नुसतं बघत बसवू नका.

पालकांना चिठ्ठी आधी पाठवा आणि कॅलेंडर बघून वार ठरवा. मी एकदा नेमकं संकष्टीला ठेवलं, निम्म्या पोरी गायब! श्रावणाचं तर नावच काढू नका.

दुकानदाराला आदल्या दिवशी सांगायचं, "दिल अख्खं पाहिजे, चिरू नका, वरच्या नळ्या दोन बोटं तरी ठेवा", नाहीतर तो सवयीने तुकडे करून पिशवीत टाकतो. दोघींत एक हृदय पुरतं. घरच्या फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर डब्यावर चिठ्ठी लावा, माझं एकदा फोडणीत जाता जाता वाचलं. बाकी सामान म्हणजे ग्लोव्ह्ज, स्टीलची ताटं, बोथट टोकाच्या कात्र्या, पेन्सिली, पाण्याचा तांब्या आणि भरपूर साबण.

आता खरं काम. कात्री लगेच देऊ नका, आधी हृदय धुवून हातात घेऊन दाबायला सांगा. एक बाजू मऊ लागते, दुसरी घट्ट, ती घट्ट म्हणजे डावी, कारण डाव्या निलयाला, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याला, रक्त सगळ्या अंगभर ढकलायचं असतं, उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत. (आया-आज्या विचारतील, त्यांच्या पुस्तकात निलयाला जवनिका म्हणायचे.) मग नळ्यांत हलकेच पेन्सिल घालून कुठली कुठे उतरते ते शोधायचं. जी जाड आहे, गोल उघडीच राहते आणि डावीकडे उतरते ती महारोहिणी. तिच्यात वरून पाणी ओता. पाणी वरच तुंबून राहतं, खाली जातच नाही, कारण आतली झडप मिटते! हे कापायच्या आधीच करा, नंतर करता येत नाही, आणि माझ्या मते अख्ख्या तासातला सगळ्यात भारी क्षण हाच.

त्यानंतर कात्री. उजव्या बाजूला वरून टोकाकडे उभा छेद, मग तसाच डावीकडे. दोन्ही भिंतींची जाडी शेजारी शेजारी धरून बघा, डावी साधारण तिप्पट भरते. आत झडपांना बांधलेल्या पांढऱ्या दोऱ्या दिसतील, एक बोटाने ओढली तरी सहज तुटत नाही. उजवीकडची झडप तीन पडद्यांची, डावीकडची दोन, हे मोजायला लावा, पाठ सांगू नका.

एक नियम मी कडक पाळते. दर दहा मिनिटांनी कात्री आणि वही यांची अदलाबदल. मी शिकवलेल्या मिक्स वर्गात कापायला मुलगे आणि सुबक आकृती काढायला मुली असंच आपोआप व्हायचं, आणि इथे फक्त मुली असल्या तरी जी धीट ती कापते आणि अक्षर छान असलेली वही धरून बसते. आणि तुम्ही स्वतः हात मागे बांधून उभ्या राहा, "दे इकडे, मी दाखवते" म्हटलंत की संपलं. वाकडं कापलं तर कापू दे, चाळीस-पन्नास रुपयांचंच हृदय आहे.

कुणाला गरगरलं तर खिडकीपाशी खाली बसवून डोकं गुडघ्यात घालायला सांगा, हसू देऊ नका, पाच मिनिटांनी तीच परत येऊन कात्री मागते.

उरलेलं कागदात गुंडाळून, पिशवी घट्ट बांधून ओल्या कचऱ्यात. गेटबाहेरच्या कुत्र्यांना अजिबात टाकायचं नाही, कच्च्या अवयवांतून त्यांना जंत होतात आणि त्या जंतांची अंडी पुढे माणसांच्या पोटात जातात. टेबल साबणाने पुसा, हात कोपरापर्यंत धुवा आणि अंधार पडायच्या आत पोरींना घरी सोडा.