वनशास्त्र, मत्स्यशास्त्र की साधी बी.एस्सी.? निसर्गसंवर्धनाचं परवडणारं शिक्षण कोकणातून कसं निवडावं

बारावी सायन्स झालेल्या मुलाने ‘जंगलात काम करायचंय’ म्हटलं की कोकणात दोन सल्ले ठरलेले. एक, ‘दापोलीला जा’. दुसरा, ‘पुण्याला कसलातरी वाइल्डलाइफचा कोर्स आहे म्हणे’. पहिला सल्ला बऱ्याचदा बरोबर निघतो, दुसरा बऱ्याचदा महाग पडतो. कॉलेज शोधायच्या आधी एक प्रश्न मात्र सोडवून घ्यावा लागतो: या पदवीने पुढे नेमकी कुठली दारं उघडणार?

हा प्रश्न आधी का, ते भारतीय वनसेवेच्या नियमातून कळतं. या परीक्षेला बसायचं तर पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एक तरी विषय हवा, किंवा पदवीच कृषी, वनशास्त्र वा अभियांत्रिकीची हवी. या यादीत ‘पर्यावरणशास्त्र’ नाही, ‘वन्यजीव व्यवस्थापन’ नाही, मत्स्यशास्त्राचंही नाव नाही. तीन वर्षं नुसतं पर्यावरणशास्त्र शिकलेला मुलगा जंगलाबद्दल कितीही जाणत असो, त्याचा अर्ज बाद होऊ शकतो. राज्य वनसेवेसाठी एमपीएससीच्या जाहिरातीतही पात्र विषय दिलेले असतात. मागची जाहिरात काढून ती यादी कॉलेजच्या विषयांशी ताडून बघा. वनरक्षकाला मात्र पदवी लागत नाही. विज्ञान, गणित, भूगोल वा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन बारावी झालेली चालते. घरची ओढाताण असेल तर आधी ही भरती आणि मग नोकरी सांभाळून शिक्षण, हा मार्गही कमी प्रतीचा नाही.

आता आपल्या दाराशी काय आहे ते पाहू.

दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. त्याच्या वनशास्त्र महाविद्यालयात चार वर्षांची बी.एस्सी. (ऑनर्स) वनशास्त्र करता येते. राज्यात ही पदवी देणारं दुसरं सरकारी कृषी विद्यापीठ अकोल्याचं. रोपवाटिका, वृक्षमोजणी, कृषिवनशेती, लाकडाचे गुणधर्म, वन्यजीव, वनकायदा असा अभ्यास असतो आणि शेवटच्या वर्षात बराच काळ प्रत्यक्ष कामात जातो. कोकणाला ही पदवी विशेष उपयोगी पडते, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गातली झाडी मोठ्या प्रमाणावर मालकीच्या जमिनीवर आहे. इथे जंगल राखायचं म्हणजे वनखात्याइतकंच गावकऱ्यांशी, बागायतदारांशी आणि देवराईच्या मानकऱ्यांशी बोलता यायला हवं.

समुद्राकडे ओढा असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. तिथली बी.एफ.एस्सी. (मत्स्यशास्त्राची पदवी) हीसुद्धा चार वर्षांची. मत्स्यशेती, मासेमारी तंत्र, प्रक्रिया आणि सागरी परिसंस्था हे सगळं त्यात येतं. पुढे एम.एफ.एस्सी.साठी मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. कांदळवनं, मालवणचं सागरी अभयारण्य, किनाऱ्यावरची कासवं अशा विषयांत काम करायची इच्छा असेल तर ही पदवी घेऊन ठेवायला हरकत नाही. फक्त वनसेवेची यादी लक्षात ठेवून पुढचा बेत आखा.

तिसरा रस्ता अनेकांना कमीपणाचा वाटतो, आणि तो तसा अजिबात नाही: जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन साधी बी.एस्सी. रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर, चिपळूणचं डीबीजे, देवरुखचं आठल्ये-सप्रे-पित्रे, सावंतवाडीचं श्री पंचम खेमराज, अलिबागचं जेएसएम ही मुंबई विद्यापीठाची कॉलेजं त्या-त्या भागात एसटीच्या अंतरावर आहेत. आपला विषय कुठल्या कॉलेजात मुख्य विषय म्हणून मिळतो, ते प्रवेशाआधी विचारून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषय आलेत. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मेजर असलं की पात्रतेचा वादच उरत नाही. भूगोल मायनर मिळाला तर नकाशांचं काम सोपं जातं. क्यूजीआयएस ही नकाशांची प्रणाली फुकट आहे, ती दुसऱ्या वर्षापासूनच हाताळायला लागा.

खर्चाची बेरीज

फी म्हणजे खर्च नव्हे, आणि घरोघरी चूक इथेच होते. कागदावर रकाने आखा: शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत, वसतिगृह किंवा खोली, मेस, प्रवास, शैक्षणिक सहली, जर्नल-पुस्तकं, फिल्डचं सामान. शेवटचे दोन रकाने लोक विसरतात. दुर्बीण, गमबूट, चांगला रेनकोट हे कोकणातल्या फिल्डला लागणारच.

आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. घरून ये-जा करून तालुक्याच्या कॉलेजात फी, पास, सहली, जर्नल मिळून वर्षाला २५ हजार गेले, तर तीन वर्षांचे ७५ हजार होतात. पुण्यातल्या खासगी संस्थेत फी ८० हजार, खोली-मेस महिना ९ हजारांप्रमाणे दहा महिन्यांचे ९० हजार आणि गावी ये-जा १० हजार धरले, तर वर्षाला १ लाख ८० हजार, तीन वर्षांचे ५ लाख ४० हजार. फरक ४ लाख ६५ हजारांचा. एवढ्या पैशात पुढची एम.एस्सी. निघते. आपल्या कॉलेजचे खरे आकडे घालून ही बेरीज करा. दरवर्षी फीवाढ किती होते, हेही कार्यालयात विचारा. पहिल्या वर्षाची फी कमी दाखवून नंतर ‘विकास निधी’ लावणारी कॉलेजं असतात. म्हणून पहिल्या नव्हे, शेवटच्या वर्षाच्या मुलाकडून फीची पावती मागून बघा.

शिष्यवृत्तीची मुख्य खिडकी म्हणजे महाडीबीटी, राज्य सरकारचं ऑनलाइन अर्जाचं पोर्टल. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. राहणं-जेवण त्यात येत नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयं, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार अशा वेगळ्या योजना आहेत. प्रत्येकीच्या अटी निराळ्या, आणि एकाच खर्चासाठी दोन योजना घेता येत नाहीत.

इथे बरेच जण अडकतात ते तीन ठिकाणी. पहिलं, व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की शुल्काची सवलत हातची जाते. ‘सीट पक्की करून देतो, आत्ता भरा’ म्हणणाऱ्याला हे आधी विचारा. दुसरं, पैसे तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही, आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलंय त्यात येतात. शाळेत असताना उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल, तर रक्कम लटकते. बँकेत जाऊन आधार सीडिंग कुठे आहे ते तपासा. तिसरं, राज्याबाहेर गेलात तर शुल्काची ही सवलत सोबत येत नाही. सावंतवाडी-दोडामार्गच्या मुलांना गोवा विद्यापीठ जवळ पडतं आणि सागरी विज्ञानासाठी ते चांगलंही आहे, पण बेरीज करताना सवलतीचा रकाना कोरा धरा.

बारावी बोर्डात अगदी वरच्या एक टक्क्यात आलेल्यांसाठी केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजारांपर्यंत. ती मूलभूत विज्ञानासाठी आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्राला मिळते, वनशास्त्राच्या व्यावसायिक पदवीला नाही. हुशार मुलाने साधी बी.एस्सी. निवडण्याला हे आणखी एक कारण.

दर्जा कसा ओळखायचा

कागदावरचा दर्जा तपासायला अर्धा तास पुरतो. विद्यापीठ यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत आहे का, कॉलेजची नॅक श्रेणी, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने दिलेली श्रेणी, कोणती आणि तिची मुदत कधी संपते ते बघा. जुनी श्रेणी फलकावर वर्षानुवर्षं झळकत राहते. शिवाय नॅक पूर्ण कॉलेजची असते, तुमच्या विभागाची नाही. कृषी विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेज असेल तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची मान्यता आहे का ते विचारा. ती नसेल तर पुढे एम.एस्सी.ला अडचण येऊ शकते.

मग एकदा प्रत्यक्ष जा, शक्यतो भर पावसात. वनस्पतिशास्त्र विभागात हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, दाखवायला सांगा. कपाट उघडल्यावर डांबराच्या गोळ्यांचा वास आला पाहिजे, बुरशीचा नव्हे. एखादा कागद हातात घेऊन खालची चिठ्ठी वाचा: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, गाव, तारीख, उंची, गोळा करणाऱ्याचं नाव. गेल्या दोन-तीन वर्षांच्या तारखा आणि विद्यार्थ्यांची नावं दिसली तर विभाग जिवंत आहे. सगळ्या तारखा जुन्या, पानं कसरीने खाल्लेली आणि किल्ली ‘सरांकडे आहे, सर रजेवर आहेत’ असं असेल, तर काय ते समजा. कोकणच्या दमट हवेत हा संग्रह आपोआप टिकत नाही, कुणीतरी दरवर्षी तो वाळवावा लागतो. मत्स्य महाविद्यालयात हीच परीक्षा टाक्यांची: पाणी खेळतंय का, हवा सोडणारा पंप चालू आहे का.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा: गेल्या वर्षी फिल्डला किती दिवस गेलात? कुठे मुक्काम केला? पूर्ण वेळ शिक्षक किती, तासिका तत्त्वावरचे किती? निम्म्याहून जास्त जागा तासिकेवर चालत असतील तर प्रकल्पाला मार्गदर्शक मिळणं कठीण जातं. फणसाडच्या वाटेवर एका दिवसाची सहल काढून ‘वन्यजीव अभ्यास’ म्हणणं वेगळं, आणि तीन दिवस राहून पक्ष्यांच्या नोंदी घेणं वेगळं.

नावात ‘वाइल्डलाइफ’ असलेल्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रांना पदवीची जागा देऊ नका, पदवीच्या जोडीला घ्यायला ती चांगली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ सालची संस्था असे अभ्यासक्रम चालवते. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचावर वन्यजीव संवर्धनासारखे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तेवढीच परीक्षेची फी भरायची.

पदव्युत्तरसाठी पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयाची एम.एस्सी. जैवविविधता, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं पर्यावरणशास्त्र, डेहराडूनला वन संशोधन संस्था आणि भारतीय वन्यजीव संस्था, बंगळूरूला एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) या संशोधन संस्थेचा वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक्रम ही ठिकाणं डोळ्यासमोर ठेवा. एनसीबीएसची प्रवेशप्रक्रिया दर दोन वर्षांनी होते, त्यामुळे बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष आणि तिची जाहिरात जुळते का ते आधीच बघा. तामिळनाडूतलं एव्हीसी कॉलेज आणि कर्नाटकातलं कुवेंपू विद्यापीठ ही नावं इकडे कमी ऐकू येतात. तिथली वन्यजीव विषयाची एम.एस्सी. खर्चाच्या दृष्टीने पडताळून बघण्यासारखी आहे.

कधी काय करायचं

जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. समितीकडून त्रुटी निघाली की महिने जातात. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला बारावीच्या परीक्षेनंतर लगेच सेतूतून काढा. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे पुढच्या वर्षात चालणारा दाखला हवा. शेतजमीन असेल तर ताजा सात-बाराही काढून ठेवा. कृषी शाखेच्या प्रवेशात शेतकरी कुटुंबाला गुणांचा जादा भार मिळत आला आहे. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत तो कसा दिलाय ते वाचा. कोकणात सात-बारावर आजोबा-पणजोबांपासून दहा नावं असतात. त्यात आई-वडिलांचं नाव लागलेलं नसेल तर वारसनोंदीचं काम आधी उरका, ते आठवड्याभरात होत नाही.

वनशास्त्र आणि मत्स्यशास्त्रासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. दरवर्षी कुणी ना कुणी फसतं ते इथे: सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. निकालानंतर कृषी शाखेच्या केंद्रीभूत प्रवेशासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती इंजिनीअरिंगच्या नोंदणीत येत नाही. देशपातळीवरच्या जागांसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा देऊन ठेवा, म्हणजे बाहेरच्या कृषी विद्यापीठांचं दारही उघडं राहतं. प्रवेशाच्या फेऱ्या ऐन पावसाळ्यात चालतात, आणि तेव्हा गावात ना लाईटचा भरवसा ना रेंजचा. पसंतीक्रम शेवटच्या तारखेला भरू नका. सगळे कागद स्कॅन करून मोबाइलमध्ये आणि पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि तालुक्याच्या सायबर कॅफेत दोन दिवस आधी जा. पासवर्ड कॅफेवाल्याकडे नव्हे, स्वतःच्या वहीत असू द्या.

प्रवेशाच्या दिवशी मूळ कागद दाखवा, झेरॉक्सचे तीन संच द्या आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला पडताळून झाला की परत मागा. विद्यार्थ्याचे मूळ कागद अडकवून ठेवायला यूजीसीने मनाई केली आहे. पुढच्या फेरीत दुसरं कॉलेज लागलं तर याच कागदांवाचून अडतं.