नदीत शार्क घावला म्हणून व्हिडिओ आला तर आधी काय काय बघायचं

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला भाच्यानं व्हिडिओ टाकला, "मामा, हिडकल डॅमात शार्क घावलाय, आता पोहायला जायचं बंद!" हिडकल म्हणजे बेळगावकडचं धरण. चौघं माणसं एक लांबडा करडा मासा उचलून उभी, खाली कन्नडमध्ये काहीतरी लिहिलेलं, आणि अर्ध्या तासात तोच व्हिडिओ आमच्या गल्लीच्या ग्रुपवर, मग बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर. मी म्हटलं, अरे त्या माशाला मिशा आहेत की. तर म्हणतो, "मग शार्कला मिशा नसतात काय?"

तर तेच सांगतो, कारण दर पावसाळ्यात असलं काहीतरी येतंयच. आणि एक आधीच सांगतो, "गोड्या पाण्यात शार्क जगतच नाही" असं म्हणून त्याला गप्प करायला जाऊ नका, ते चुकीचं आहे आणि हुशार पोरगं असलं तर तुम्हीच तोंडावर पडाल.

पहिलं बघायचं ते कल्ल्याकडं. आपल्या कटला, रोहू, मरळ, शिंगाळा सगळ्यांना कल्ल्यावर एक झाकण असतंय, मासा ताजा आहे का बघायला आपण तेच उचलतो. शार्कला झाकण नाही, डोक्यामागं पाच उभ्या चिरा असतात, सुरीनं काप मारल्यासारख्या. व्हिडिओ थांबवून झूम करा, चिरा दिसत नसतील तर तिथंच विषय संपला. मग तोंड बघा, ते नाकाच्या खाली पोटाच्या बाजूला असतंय. शेपटीचा वरचा भाग खालच्यापेक्षा चांगलाच लांब. मिशा म्हणाल तर नदीत येणाऱ्या शार्कांना नसतातच. हातात मासा असेल तर शेपटीकडून डोक्याकडं हात फिरवा, सुताराच्या पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतंय.

भाच्याच्या व्हिडिओतला मासा पंगास होता. त्याला मत्स्यालयाच्या दुकानात "शार्क" म्हणूनच विकतात, लहानपणी दिसतो पण तसाच, पाठीवरचा पंख उभा करून काचेपाशी फिरत असतो. पण तो शिंगाळ्याच्या जातकुळीतला. बाला शार्क, रेड टेल शार्क ही तर रोहूच्या भाऊबंदांतली, नावापलीकडं शार्कशी काय संबंध नाही.

आता समजा मासा खरोखरच शार्क आहे, चिरा-बिरा सगळं आहे. मग दुसरा प्रश्न, हा इथपर्यंत आला कुठनं? इथं नकाशा काढून बसायचं, मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो. हिडकलचं पाणी म्हणजे घटप्रभा, ती जाऊन मिळते कृष्णेला आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला. म्हणजे शार्कला आंध्रातनं वर यायचं तर आधी विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज, मग पुलिचिंतला, मग नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराला, नारायणपूर, आलमट्टी. एवढं सगळं ओलांडून घटप्रभेत शिरला तरी पुढं गोकाकचा धबधबा आहे, ५२ मीटर उंच. तो चढून वर धुपदाळचा बंधारा आणि मग कुठं हिडकलची भिंत. एवढं करून कोण आला तर त्याचा सत्कार करायला पाहिजे, घाबरायचं काय. मलप्रभेचंही तसंच, ती कूडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे आलमट्टी तेवढं वाचलं, बाकीची धरणं आहेतच आणि वर नवीलुतीर्थचं धरण. खानापूरकडची म्हादई मात्र गोव्यात उतरून अरबी समुद्राला जाते आणि तिच्या मुखाशी खाडीत समुद्रातला मासा शिरू शकतो, पण घाटाचे धबधबे चढून वर यायचं काय जमणार नाही.

मग लोक म्हणतात, तिकडं मध्य अमेरिकेत निकाराग्वाच्या तळ्यात शार्क असतात ते कसं काय? बरोबर आहे, तिथल्या मोठ्या तळ्यात बुल शार्क आहेत, म्हणजे खाऱ्या आणि गोड्या दोन्ही पाण्यात राहू शकणारी शार्कची जात. कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांनाच वाटत होतं की ही तळ्यात अडकलेली वेगळी जात आहे, नावसुद्धा वेगळं दिलं होतं. मग १९६० च्या दशकात त्यांना खुणेचे बिल्ले लावून सोडलं, तर तळ्यात बिल्ला लावलेले समुद्राकडं घावले आणि तिकडचे तळ्यात. सान हुआन नदीतनं, खळाळत्या पाण्यातनं ये-जा करत होते. पण एक बघा, ते तळं समुद्रापासून फक्त ३२ मीटर वर आहे आणि आलमट्टीची पूर्ण पातळी ५१९ मीटर. ॲमेझॉनमध्ये तर पेरूतल्या इक्विटोसपर्यंत, म्हणजे समुद्रापासून साडेतीन हजार किलोमीटरहून आत बुल शार्क मिळालाय, आणि तेही गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभरेक मीटर उंच. म्हणजे अंतराचं काय वाटत नाही त्यांना, अडवते ती भिंत आणि कडा.

भाच्यानं मग खरा प्रश्न विचारला, "पण गोड्या पाण्यात मरत का नाही?" ह्याचं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात मिळालं म्हटलं तरी चालेल. गोव्याकडनं येणारी मोरी, म्हणजे लहान शार्कच, घरी आणली आणि थोडी शिळी निघाली तर कापताना मुतारीसारखा वास मारतो, डोळे चुरचुरतात. एकदा तसली आली तेव्हा बायकोनं पातेलं माझ्याच पुढ्यात आदळलं होतं. हळद-मीठ लावून दोन-तीन पाणी बदलली तरी हाताचा वास जाईना. तो वास युरियाचा, म्हणजे युरिया सडून झालेल्या अमोनियाचा. आपण उसाला टाकतो तोच युरिया. समुद्राचं खारं पाणी अंगातलं पाणी ओढून घेतंय, मीठ लावलेल्या कैरीला पाणी सुटतंय तसं, म्हणून शार्क रक्तात युरिया भरून ठेवतो आणि रक्त समुद्राच्या तोडीचं करून टाकतो. आता असला मासा नदीत आला की उलटं होतं, मनुका पाण्यात टाकली की फुगते तसं कल्ल्यांतनं पाणी आत घुसायला लागतंय. बहुतेक शार्क इथंच संपतात. बुल शार्क मात्र युरिया निम्म्याच्या आसपास आणतो, किडनीतनं भरमसाट पातळ लघवी बाहेर काढतो पण मीठ जाऊ देत नाही, आणि शेपटीकडं मीठ बाहेर टाकणारी जी ग्रंथी असते तिचं काम मंद करतो. वरनं कल्ल्यांनी नदीतलं जे काय थोडंफार मीठ आहे ते ओढून घेतो. परत समुद्रात गेला की सगळं उलट फिरवायचं. ऑस्ट्रेलियात एका गोल्फ मैदानाच्या तळ्यात नव्वदच्या दशकातल्या पुरात असे सहा बुल शार्क शिरले आणि १७ वर्षं तिथंच राहिले. बुल शार्कची पिल्लं तर खाडी-नदीत मुद्दाम राहतात, मोठ्या शार्कांपासून जीव वाचतो म्हणून.

आपल्या देशात नदीतला म्हणावा असा दुसरा शार्क म्हणजे गंगा शार्क. अतिशय दुर्मिळ, बारीक डोळे, गढूळ पाण्यात राहणारा. बुल शार्कशी गल्लत होते, तेव्हा पाठीवरचे दोन पंख बघायचे. बुल शार्कचा पुढचा पंख मागच्याच्या साधारण तिप्पट उंच असतो, गंगा शार्कचा मागचाही मोठा, पुढच्याच्या अर्ध्याएवढा तरी. गंमत म्हणजे २०१६ मध्ये हा मुंबईच्या ससून डॉकला मासळीत आला होता, २६६ सेंटीमीटरची मादी. म्हणजे गंगेचं नाव लावून अरबी समुद्राकडं! हा मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पकडणं-विकणं दोन्ही गुन्हा. तेव्हा कारवार-गोव्याकडं फिरायला गेलात आणि जाळ्यात बारीक डोळ्याचा शार्क दिसला तर बाजूनं आणि वरनं फोटो काढा, शेजारी चप्पल नाहीतर पट्टी ठेवा म्हणजे लांबी कळते, आणि वन खात्याला कळवा. जिवंत असला तर सोडायला सांगा.

आणि शेवटचं, हे मात्र आपल्याच हातात आहे. घरातला "शार्क" काचेत मावेना झाला की लोक पिशवीत घालून डॅमावर नेऊन सोडतात. पंगास मीटरभर आणि वरही वाढतो, मग तोच पुढं कुणाच्या तरी जाळ्यात येतो आणि व्हिडिओ निघतो. सोडू नका. दुकानदाराला परत घेतोस का विचारा, नाहीतर कुणाचं बंदिस्त शेततळं असेल त्याला द्या. भाच्याला हे सगळं व्हॉइस मेसेज करून सांगितलं, सहा मिनिटांचा झाला, तर त्याचं उत्तर आलं, "मामा, आमच्या शेजारच्या अण्णांनी गेल्या वर्षी दोन सोडलेत."