मोरीखालचा खड्डा मुरमानं भरताय? या चुका टाळा

मोरी, म्हणजे रस्त्याखालून नाल्याचं पाणी काढणारे पाईप. पाणी बाहेर पडतं त्या खालच्या अंगाला खड्डा पडतो; उन्हाळ्यात त्यात चार ट्रॉल्या मुरूम टाकायचा, आणि पहिल्या मोठ्या पुरात तो खालच्याच्या वावरात जायचा. शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्यांवर हे नेहमीचंच. मुरूम टिकेल कसा? दहा फुटी नाला दोन फुटी दोन पायपांतून काढला की पाणी तुंबतं आणि जोरात बाहेर पडतं. वाट निम्मी झाली की तेवढ्याच पाण्याचा वेग दुप्पट होतो, मार चौपट.

खड्डा पहिल्या एक-दोन पुरांतच झपाट्यानं खोल होतो. मग पाण्याचा जोर खड्ड्यातच मुरतो, खोली हळूहळू वाढते, पण काठ खचू लागतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते; भेगांत पाणी शिरलं की काठ ढेपाळतो. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, तर माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते, त्यामुळे पायपाच्या कडेनंही पोकळी होते. वरून रस्ता ठणठणीत, खालून पोकळ.

पूर ओसरल्यावर खड्डा उथळ दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. उतरत्या पाण्यानं त्यात गाळ भरलेला असतो. लोखंडी सळई खुपसून पाहा; ती सहज खाली गेली, तर तिथवर पुरानं खोदलेलं होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मोरीच्या खाली नाला खोलीकरण करून थांबणं. खोल केलेला तळ जिथं संपतो तिथं पायरी तयार होते आणि दर पावसाळ्यात ती वर सरकत मोरीपर्यंत येते. पायपाचं तोंड मग अधांतरी राहतं. जेसीबी आणण्याआधी तळाची पातळी मोजून घ्या, पायरी राहणार असेल तिथं दगडी बांध घाला.

पायपाच्या तोंडापुढं नुसता काँक्रीटचा ओटा घालूनही पुरत नाही. पाणी त्याच्या कडेवरून पडून खालची माती चाटतं, आणि ओटा तुटतो. कडेला खड्ड्याच्या तळापेक्षा खोल भिंत हवी. पुढचा खड्डा बुजवू नका, त्यालाच लहानमोठ्या वजनदार दगडांचं अस्तर द्या, खाली गिट्टीचा थर द्या, म्हणजे दगडांमधून काळी माती ओढली जाणार नाही. पाईप मुळातच अपुरे असतील तर मोरी वाढवण्याला पर्याय नाही. आणि धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, पावसाआधी हलवा. त्या वाहत येऊन एक पाईप बंद करतात, मग सगळा नाला दुसऱ्यातून फुटतो.