अंगणातला भेक पाळायचाय? या चुका टाळा

मृगाचा पाऊस पडला की रांजणाखालून, मोरीच्या कडेने, सरपणाच्या ढिगातून भेक, म्हणजे बेडकासारखेच पण खरबरीत कातडीचे प्राणी, बाहेर पडतात. लेकरं एखादा धरतात, झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत ठेवतात आणि तीन-चार दिवसांत तो मरतो. घरात सगळे म्हणतात, "काही खाल्लंच नाही त्यानं." पण धडधाकट भेक आठवडाभर उपाशी सहज राहतो. बहुतेक वेळा त्याला मारते ती उष्णता, नाहीतर अंगाला लागलेलं पाणी.

भेक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो ते शोषून घेतो. पाण्यासोबत त्यात जे असेल तेही अंगात जातं. पाळलेल्या भेकाची बरीच दुखणी या एका गोष्टीतून सुरू होतात.

ओळखण्यातली चूक. आपल्याकडे सगळ्यालाच बेडूक म्हणतात. भेकाची कातडी कोरडी आणि खरबरीत असते, मागचे पाय आखूड असतात, त्यामुळे तो लांब उडी न मारता टुणटुण चालतो. डोळ्यांभोवती काळ्या कडा आणि डोळ्यांमागे दोन फुगीर गाठी दिसल्या की तो भेक. गुळगुळीत, ओल्या अंगाचा, लांब उड्या मारणारा दिसला तर तो दुसरा प्राणी. त्याला भरपूर पाणी लागतं, त्याला जागच्या जागी सोडा.

त्या दोन गाठींत विष असतं. भेक दाबला की तिथून दुधासारखा चीक येतो. अंगावरच्या पुटकुळ्यांनी माणसाला चामखीळ होत नाही, ती विषाणूमुळे होते. पण चीक डोळ्यात गेला तर चांगलीच आग होते. पंधरा मिनिटं साध्या पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि फेस येऊ लागला तर तोंड पुढे झुकवून पाण्याने धुवा आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

कोरड्या किंवा साबणाच्या हाताने धरणं. आधी हात नुसत्या पाण्याने ओले करा. हाताला साबण, तेल किंवा डासांचं मलम असेल तर भेकाला हात लावू नका. उचलताना तो मुतला तर ते घाबरल्याचं लक्षण आहे, आणि अंगात साठवलेलं पाणी त्याने गमावलं असाही त्याचा अर्थ. मग त्याला उथळ पाण्यात वीस मिनिटं बसू द्या. भेक ठेवल्यावर मात्र हात साबणाने धुवायचे, लेकरांचे तर आठवणीने. पाच वर्षांखालच्या पोरांच्या हातात भेक देऊच नका.

नळाचं ताजं पाणी. आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास येत असेल तर ते उघड्या भांड्यात २४ तास ठेवून मगच वापरा. बोअरचं जड पाणी सहसा चालतं. भांडं म्हणून मातीचं परळ उत्तम: पाणी दोन-तीन सेंटिमीटर, बसलेल्या भेकाच्या खांद्याच्या वर नको, आणि कडेला बाहेर निघायला एक खडा. भेक बऱ्याचदा त्याच पाण्यात हगतो, म्हणून ते रोज बदलायचं.

नुसती काळी माती. वाळली की भेगाळते, भिजली की चिकटते. त्याऐवजी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग खत-औषध न पडलेली अंगणातली माती घ्या, थर चार इंचांचा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये, एवढा ओलावा हवा. टब दोन फूट लांब आणि फूटभर उंच, वर मच्छरदाणीची जाळी बांधलेली. लपायला फुटक्या कुंडीचा अर्धा तुकडा पालथा घाला. पारदर्शक टबात भेक बाहेर दिसेल तिकडे धडका देतो आणि नाक सोलून घेतो. तीन बाजूंना कागद लावला की हे थांबतं.

टब पत्र्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात नको. इथल्या मे महिन्यात ४२-४३ अंशांत बंद टबाची भट्टी होते. न्हाणीची सावलीतली बाजू बरी, पण तिथे फिनेल आणि ॲसिड वापरायचं नाही. कॉइलचा धूरही दूर ठेवा.

भात, पोळी, मटणाचा तुकडा. भेकाला हललेलंच दिसतं, पडलेला घास त्याच्या लेखी नसतोच. रातकिडे, उधई, बागेतली गांडुळं द्या. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. मोठ्या भेकाला दोन-तीन दिवसांआड, संध्याकाळी, चार-पाच किडे पुरतात. गांडूळखताच्या वाफ्यातली लाल गांडुळं कडवट असतात, तो तोंडात घेऊन थुंकतो. फवारलेल्या कपाशी-सोयाबीनमधले किडे आणि झुरळं मारायचं जेल लावलेल्या घरातली झुरळं अजिबात नकोत. गिळताना डोळे मिटून आत ओढले जातात, ते पाहून घाबरू नका. त्या डोळ्यांनीच तो घास खाली ढकलतो.

आता तक्रारी. खात नाही? दिवसा देताय का, उजेड फार आहे का, सारखं हाताळताय का, ते आधी बघा. डिसेंबरच्या थंडीत तो जेवण सोडतो, ते ठीक. पण पावसाळ्यात पाच दिवस तोंड लावलं नाही तर सोडून द्या. तोंड उघडझाक करत कातडी ओढून खातोय? कात टाकतोय, हात लावू नका. पोट-मांड्या लालबुंद झाल्या, अंग फुगलं आणि तो सुस्त पडला, तर संसर्ग असू शकतो. त्यावर हळद, मीठ, जखमेचं मलम काही लावू नका, कातडी ते सगळं शोषते.

रानातला प्राणी घरात ठेवण्याआधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारून घ्या. वन्यजीव कायद्याच्या अनुसूच्या, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्या, २०२२ च्या दुरुस्तीने बदलल्या आहेत. खरं तर टबाची गरजच नसते. रांजणाच्या बुडाशी पाझर असू द्या, शहाबादी फरशीचा तुकडा दोन विटांवर तिरपा टेकवा, परळात पाणी भरून ठेवा आणि अंगणातला दिवा रात्री तासभर चालू ठेवा. भेक स्वतः येतो, किडे खातो आणि दिवसा फरशीखाली झोपतो. हौदात मात्र एखादी फळी तिरपी टाका. भिंती सरळ असल्या की आत पडलेला भेक चढता न आल्याने दमून बुडतो.

टबातला सोडायचा असेल तर जिथे सापडला तिथेच, पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी. दुसऱ्या गावच्या तळ्यात नको, रोग त्याच्यासोबत जातात. सोडल्यावर तो हाताच्या अंतरावर बसून राहिला तर हुसकू नका. पोट ओल्या मातीला टेकवून तो आधी पाणी भरून घेतो, मग निघतो.