परताव्याचा अंदाज बांधताना होणाऱ्या या चुका टाळा

प्राप्तिकराचा परतावा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला रिफंड, ही शेवटी एक वजाबाकी असते. वर्षभरात आपल्या नावावर जमा झालेल्या टीडीएसमधून (पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर) आणि आपण स्वतः भरलेल्या आगाऊ करातून प्रत्यक्ष देय कर वजा केला, की उरेल तो परतावा. टीडीएसचा आकडा फॉर्म २६ एएस या प्राप्तिकर विभागाच्या उताऱ्यात, तर आगाऊ कराचा एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात तयार सापडतो. देय कर मात्र स्वतः काढावा लागतो, आणि अंदाज बहुधा तिथेच फसतो.

बँकेने मुदत ठेवीच्या व्याजावर कापलेला दहा टक्के टीडीएस जसाच्या तसा परत मिळणार, हा समज सर्रास आढळतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीतील एखाद्या नोकरदाराचा पगार १२,७५,००० रुपये असेल, तर पगारदारांना सरसकट मिळणाऱ्या ७५,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीनंतर उत्पन्न १२ लाख उरते, तेवढ्या उत्पन्नापर्यंत मिळणाऱ्या करसवलतीमुळे कर शून्य होतो आणि कंपनीही काही कापत नाही. याच व्यक्तीला ठेवींवर ६०,००० रुपये व्याज मिळाले आणि बँकेने ६,००० रुपये कापले, तर ती सहा हजारांच्या परताव्याची वाट पाहू लागते. प्रत्यक्षात उत्पन्न १२,६०,००० होते आणि सवलत पूर्णच जाते. टप्प्यांनुसार कर ६९,००० येतो; सीमांत दिलाशामुळे तो १२ लाखांवरील रकमेइतका, म्हणजे ६०,००० वर थांबतो. चार टक्के उपकर धरून ६२,४०० रुपये होतात. सहा हजार वजा जाऊन ५६,४०० रुपये भरावे लागतात, शिवाय आगाऊ कर न भरल्याचे व्याज वेगळेच. म्हणून विवरणपत्राला हात घालण्याआधी एआयएस उघडून प्रत्येक बँकेचे व्याज, बचत खात्यावरचेसुद्धा, मिळवून घ्यावे.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेल्यांची गफलत याच जातीची आहे. आधीच्या पगाराची माहिती नव्या कंपनीला दिली नसेल, तर दोन्ही कंपन्यांच्या फॉर्म १६ मध्ये, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराच्या दाखल्यांत, प्रमाणित वजावट आणि करमुक्त टप्पा स्वतंत्रपणे धरलेला असतो. दोन्ही पगार एकत्र करून वजावट एकदाच घेतली, की अपेक्षित परताव्याच्या जागी देणे दिसू लागते.

शेअर बाजारातील विक्रीवरील अल्पकालीन नफा (बारा महिन्यांपर्यंतच ठेवलेल्या शेअरवरचा) असेल, तर वीस टक्के दराने लागणाऱ्या त्या करावर बारा लाखांची सवलत चालत नाही, हेही लक्षात ठेवावे.

पगारपत्रकात कापलेला कर २६ एएसमध्ये दिसत नसेल, तर तो अंदाजात धरून उपयोग नाही. कंपनीच्या लेखा विभागाला टीडीएसचे विवरण दुरुस्त करायला सांगावे आणि नोंद दिसल्यावरच विवरणपत्र भरावे. प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर जुनी थकबाकी दाखवली असेल, तर तीही आधी तपासावी, कारण परतावा त्या रकमेत वळता केला जाऊ शकतो. परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते खरे. पण परतावा निश्चित झालेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर ते मिळत नाही, आणि मिळाल्यास ते करपात्र असते.

एवढे करूनही रक्कम वेगळी आली, तर विवरणपत्र तपासून विभाग पाठवतो त्या कलम १४३(१) खालील सूचनापत्रातील दोन स्तंभ ओळीओळीने ताडून पाहावेत: एकात आपण दिलेले आकडे असतात, दुसऱ्यात विभागाने काढलेले. पहिला फरक ज्या ओळीवर दिसेल, तिथूनच शोध सुरू करावा. चूक विभागाची निघाल्यास पोर्टलवरून दुरुस्तीचा अर्ज करता येतो.